खाऱ्या पाण्यात न गंजणारी सुरी: स्नॉर्केलिंग आणि डायव्हिंगसाठी कोणती घ्यावी?

बोगमाळोकर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये हंगाम पुन्हा सुरू होईल, त्याआधी एका खरेदीबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

गेली तीन वर्षे मी गोव्याजवळच्या ग्रांदे बेटाच्या आसपास स्नॉर्केलिंग करतो आणि मागच्या हंगामात डायव्हिंगचा पहिला अभ्यासक्रमही पूर्ण केला. तेव्हा नऊशे रुपयांना एक सुरी घेतली होती. पात्यावर ‘स्टेनलेस’ असे ठळक कोरलेले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. दुसऱ्याच रविवारी मुठीजवळच्या स्क्रूभोवती तपकिरी ठिपके दिसले आणि महिन्याभरात पात्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले. दुकानदाराने ‘समुद्रात नेली म्हणजे असे होणारच’ एवढेच सांगितले.

खरी काळजी डिसेंबरमध्ये वाटली. खडकाजवळ कुणाचा तरी तुटलेला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, अडकून पडला होता, तो माझ्या पायातल्या फिनच्या बकलात गुंतला. पाणी फार तर चार मीटर खोल असेल, सोबत मित्र होता, हवाही पुरेशी होती. पण सुरी काढायला गेलो तर ती म्यानातून हलेना. गंज आणि मीठ यांनी तिला आत घट्ट धरले होते. शेवटी आमच्या प्रशिक्षकांनी त्यांच्या कात्रीने तंगूस कापला. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ खरेदीचा राहिलेला नाही.

पोलाद कोणते घ्यावे? टायटॅनियमला जास्त पैसे मोजावेत का? टोक अणकुचीदार असावे की बोथट, आणि सुरी पायाला बांधावी की अन्य कुठे?

भट्टीकाठ

माझी नोकरी जहाजदुरुस्तीच्या कार्यशाळेत झाली, त्यामुळे खारे पाणी आणि पोलाद यांचे भांडण मी जवळून पाहिले आहे. पोलादाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ‘स्टेनलेस’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पोलादात साधारण १०.५ टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो. हा थर खरवडला गेला तरी हवेतील किंवा पाण्यातील ऑक्सिजन मिळताच पुन्हा धरतो, आणि गंज न चढण्याचे सारे रहस्य त्यातच आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतील क्लोराइड या थराला नेमके एखाद्या बिंदूपाशी भेदते. म्हणून खाऱ्या पाण्यातील गंज लोखंडी फाटकासारखा सगळीकडे पसरत नाही, तर तुम्ही पाहिलेत तसे बारीक खोल खड्डे पाडतो.

आता सुरीची अडचण पाहा. पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून झटकन थंड केल्यावर, ते कठीण होऊन धार धरते, ते प्रामुख्याने कार्बनमुळे; पण हाच कार्बन क्रोमियमला स्वतःशी बांधून घेतो आणि संरक्षक थरासाठी मोकळे क्रोमियम कमी उरते. ४४०सी या नावाजलेल्या पोलादात क्रोमियम १६ ते १८ टक्के असूनही ते समुद्रात गंजते, कारण त्यात कार्बन जवळजवळ एक टक्का आहे. स्वस्त डायव्हिंग सुऱ्या बहुधा ४२० जातीच्या असतात. त्यांत कार्बन कमी, पण क्रोमियमही १२ ते १४ टक्केच, म्हणून त्या निगा राखली तरच टिकतात. स्वयंपाकघरातील भांड्यांचे ३०४ आणि बोटींच्या जोडकामाचे ३१६ यांपैकी ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि ते क्लोराइडसमोर उत्तम टिकते, परंतु पाणी देऊन कठीण करता येत नसल्याने त्याची धार लवकर बोथट होते. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद तयार केले, तेव्हा तिथल्या सुरी बनवणाऱ्यांची पहिली कुरकूर धारेबद्दलच होती. तो पेच अजून पुरता सुटलेला नाही.

त्यातून निघालेली एक चांगली वाट म्हणजे कार्बनऐवजी नायट्रोजन वापरणे. जपानी एच-१ पोलादात कार्बन ०.१५ टक्क्यांहून अधिक नसतो आणि सोबत थोडा नायट्रोजन असतो; एलसी२००एन मध्ये नायट्रोजन सुमारे ०.४ टक्के असतो. ही पोलादे समुद्रात व्यवहारतः गंजत नाहीत आणि धारही कामापुरती चांगली धरतात. ती आपल्याकडच्या दुकानात सहज दिसत नाहीत आणि महाग पडतात, पण तुम्ही दर आठवड्याला पाण्यात उतरत असाल तर मी आधी त्यांचाच शोध घेईन.

टायटॅनियम खाऱ्या पाण्यात गंजत नाही हे खरे, आणि ते पोलादाच्या जेमतेम साठ टक्के वजनाचे असते. मात्र त्याची धार चांगल्या पोलादापेक्षा मऊ राहते, म्हणून घ्यायचेच तर दातेरी पात्याचे घ्यावे. इथे एक सावधगिरी सांगतो. ‘टायटॅनियम कोटेड’ म्हणून विकली जाणारी सोनेरी किंवा काळपट सुरी ही साध्या पोलादाचीच असते. वरचा मुलामा ओरखडला की आतले पोलाद उघडे पडते आणि गंज तिथूनच शिरतो. दुकानात जाताना खिशात एक छोटे लोहचुंबक ठेवा. टायटॅनियमला ते अजिबात चिकटणार नाही. ३०४ किंवा ३१६ म्हणून दाखवलेल्या पात्याला ते घट्ट चिकटले, तर ते पाते बहुधा ४२० जातीचे आहे असे समजावे.

ओहोटी

काकांनी पोलादाची बाजू इतकी नीट मांडली आहे की त्यात भर घालण्याचे कारण नाही. मी अनेक हंगाम पाहुण्यांना पाण्याखाली नेते, म्हणून वापराच्या बाजूने लिहिते.

बोगमाळोकर, तुमच्या डिसेंबरच्या प्रसंगाने एक गोष्ट दाखवून दिली आहे: तुम्हाला वाचवले ते कात्रीने. आपल्या किनाऱ्यावर ही सुरी माशाशी झुंजायला लागत नाही. ती लागते तंगूस, जाळ्याचे तुकडे आणि नायलॉनची दोरी कापायला. ग्रांदे बेटापाशी पुष्कळदा चार-पाच मीटरपलीकडचे दिसत नाही आणि तंगूस तर पाण्यात काचेसारखा दिसेनासा होतो. तो डोळ्यांनी कळत नाही, पाय मागे ओढला जातो तेव्हाच कळतो. अशा वेळी मनुष्य वळतो, वळल्याने आणखी गुरफटतो, आणि त्या गडबडीत उघडे अणकुचीदार पाते हाती असणे हा दुसरा धोका असतो. स्वतःची मांडी किंवा सोबत्याची हवेची नळी चिरायला फार जोर लागत नाही. म्हणून टोक बोथट किंवा छिन्नीसारखे सपाट घ्या. अणकुचीदार टोकाचा उपयोग व्हावा असे एकही काम मला आजवर पाण्याखाली पडलेले नाही.

पाते लांब नको. हाताच्या तळव्याएवढे पुरेसे होते. एक बाजू साधी आणि एक दातेरी असेल तर उत्तम, कारण ताणलेला तंगूस साध्या धारेवर पटकन तुटतो, तर जाड दोरीला दाते लागतात. मुठीजवळ तंगूस धरण्यासाठी आकड्यासारखी खाच असेल तर ती नुसती शोभेची समजू नका, सर्वांत जास्त उपयोगी तीच पडते.

याशिवाय दोन स्वस्त वस्तू सुचवते. पहिली म्हणजे रुग्णवाहिकेत जखमीचे कपडे कापायला वापरतात ती बोथट टोकाची कात्री. ती एका हाताने चालते, सैल लोंबणारे जाळेही कापते, आणि खिळ्यापाशी गंजली तर पुढच्या हंगामाला नवी घेता येते. दुसरी म्हणजे आत पाते बसवलेले, आकड्याच्या आकाराचे तंगूस-कटर. त्यात बोट अडकण्याची भीती नसल्याने नवशिक्यांच्या हाती मी तेच देते. माझ्याकडे कटर छातीच्या पट्ट्यावर आणि कात्री बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगण्याच्या जाकिटाच्या, खिशात असते. सुरी कमरपट्ट्यावर आहे, पण ती मी क्वचितच काढते.

पायाला बांधण्याची पद्धत जुनी आहे आणि छायाचित्रांत छान दिसते, पण पोटरीवरची मूठ स्वतःच जाळ्यात अडकते आणि पाय गुंतलेला असताना तिथपर्यंत हात पोचेलच असे नाही. साधन अशा जागी हवे जिथे उजवा आणि डावा दोन्ही हात न पाहता पोचतात. केवळ स्नॉर्केलिंग करत असाल तर कमरेच्या पट्ट्याला अडकवलेले कटर पुरेसे आहे. आणि घरी, जमिनीवर, डोळे मिटून ते काढण्याचा आणि परत ठेवण्याचा सराव वीस वेळा करा. ओल्या हाताने करा, हातमोजे वापरत असाल तर ते घालून करा.

एक विनंती मात्र सर्वांनाच आहे. सुरी हाती आली की खडकावरचे काही उकरावेसे वाटते. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी एक बोटभर प्रवाळ वाढायला लागणारा काळ आठवून हात मागे घ्यावा.

बेतूलची होडी

आमचे घर मासेमारीवर चालते. सुरीबद्दल थोडेच सांगतो, जाळ्याबद्दल मात्र सांगायलाच हवे.

घरात आजीची लोखंडी आदोळी, म्हणजे विळी, आहे. बांगडे कापून झाले की ती लगेच धुऊन, पुसून, चुलीच्या उबेला उभी ठेवते. आदोळी काळी पडली आहे, पण तिला एकही खड्डा नाही. त्याच स्वयंपाकघरात शहरातून आणलेली स्टेनलेस सुरी बादलीत रात्रभर राहिली आणि मुठीखाली कुजली. धातू कसाही असो, ओला सोडला की वाया जातो, हे आजीला कुणी शिकवावे लागले नाही.

आता जाळे. तुटून वाहत आलेले, शेवाळ चढलेले जाळे बिनधास्त कापा आणि जमल्यास वर आणा. त्यात खेकडे आणि कासवे मरतात. परंतु ज्या जाळ्याला वर बोया आहेत आणि जे ताणून बसवले आहे, ते कुणाच्या तरी घरचे आहे. त्यात अडकलात तर जीव आधी, यात वाद नाही. तरी तुम्हाला धरणारे तेवढेच धागे कापा आणि किनाऱ्यावर आल्यावर होडीवाल्याला कुठे कापले ते सांगा. जाळे तुणून घ्यायला त्याला भोक नेमके कुठे पडले आहे हे कळले तर त्याचा अर्धा दिवस वाचतो. ३१ जुलैला पावसाळी बंदी संपली की पाण्यात जाळी वाढतात, हे ऑक्टोबरमध्ये उतरताना ध्यानात ठेवा.

बोगमाळोकर

तिघांनाही देव बरें करूं. ओहोटीताई, आज संध्याकाळी डोळे मिटून जुन्या सुरीने सराव करून पाहिला आणि पोटरीपर्यंत हात नेताना पाचपैकी तीनदा मूठ सापडली नाही, त्यामुळे जागेचा प्रश्न माझ्यापुरता सुटला. कात्री आणि कटर या आठवड्यात घेतो. एच-१ ची सुरी दिवाळीपर्यंत पैसे साठवून घेईन.

भट्टीकाठ काका, एक शंका उरते. माझी जुनी सुरी मी प्रत्येक वेळी नळाखाली धूत असे. तरीही ती म्यानात का अडकली?

भट्टीकाठ

तुम्ही सुरी धूत होता, पण म्यान धूत नव्हता, असा माझा अंदाज आहे.

पाते आणि म्यान यांच्यातील अरुंद फटीत खारे पाणी साचून राहते. तिथे ताजा ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून तो संरक्षक थर पुन्हा धरू शकत नाही. उलट क्लोराइड साठत जाते आणि आतले पाणी आम्ल होते. स्क्रूच्या डोक्याखालीही हेच घडते, म्हणून तुमचे पहिले ठिपके तिथे दिसले. त्यात आपली हवा. मीठ सुकले असे वाटते, पण हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाणी ओढून पुन्हा ओले होते. पावसाळ्यात कपाटात ठेवलेली सुरी अशा रीतीने समुद्रात न जाताही समुद्रातच असते.

घरी आल्यावर सुरी आणि म्यान वेगवेगळे करून कोमट गोड्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवा. नुसती नळाच्या पाण्याखाली धरून भागत नाही. मूठ स्क्रूने उघडणारी असेल तर महिन्यातून एकदा उघडून जुन्या टूथब्रशने आत घासा. दोन्ही वस्तू पूर्ण सुकल्यावर पात्याला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. खोबरेल तेल लावू नका, ते काही दिवसांनी चिकट होऊन वाळू धरून ठेवते. ठिपके दिसलेच तर व्हिनेगर किंवा खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून कापडाने घासा. तारेचा काथ्या कधीही वापरू नका, त्याचे लोखंडी कण पात्यात रुततात आणि नवा गंज तिथूनच उठतो. चामड्याचे म्यान फुकट मिळाले तरी घेऊ नका, ते ओल सोडत नाही. प्लास्टिकचे म्यान घ्या आणि त्याच्या तळाशी पाणी निथळायला भोक आहे की नाही ते पाहा. नसेल तर स्वतः पाडून घ्या.

पावसाळ्यात सुरी म्यानाबाहेर, सुक्या कापडात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात ठेवा. म्यान शेजारी, पण वेगळे.

ओहोटी

एवढेच जोडते: अंदमानला विमानाने जाणार असाल तर सुरी आणि कात्री चेक-इन सामानात टाका. हातातल्या बॅगेत राहिली तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि मग पहिल्या डाइव्हला साधनाशिवाय उतरावे लागते. माझ्या एका पाहुण्यांची नवी सुरी दाबोळी विमानतळावर अशीच राहिली. परतीच्या वेळी गोड्या पाण्याची बुडवणी हॉटेलच्या बादलीत उरकून, सुकवूनच सामान बांधा. ओले म्यान बॅगेत बारा तास राहिले की काकांनी सांगितलेले सगळे तिथेच सुरू होते.

बोगमाळोकर

जुने म्यान आता उजेडात धरून पाहिले. तळाला भोक आहे, पण ते मीठ आणि वाळूने बुजलेले आहे. टाचणीने मोकळे केले तेव्हा आतून तपकिरी पाणी आले.