मदत हवी आहे: टायटनला दाट वातावरण, मग गॅनिमिडला का नाही?

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी मुलीच्या सहावीच्या वर्गात मी चंद्रांविषयी अर्धा तास बोलणार आहे. तयारी करताना एका ठिकाणी अडकले आहे.

गुरूचा गॅनिमिड हा सूर्यमालेतला सर्वांत मोठा चंद्र. व्यास सुमारे ५,२६८ किमी, म्हणजे बुध ग्रहापेक्षाही (४,८७९ किमी) मोठा. शनीचा टायटन किंचित लहान, ५,१५० किमी. तरी टायटनभोवती नायट्रोजनचं इतकं दाट वातावरण आहे की पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीच्या जवळजवळ दीडपट भरतो. जानेवारी २००५ मध्ये हायगेन्स यान पॅराशूटच्या आधाराने त्यातून जवळपास अडीच तास खाली उतरत होतं! गॅनिमिडवर मात्र ऑक्सिजनचा नावापुरता विरळ थर.

आधी वाटलं, थंडीचा परिणाम असेल. टायटनवर उणे १७९ अंश, अशा गारठ्यात वायूचे रेणू मंद हलतात, निसटत नाहीत. पण गॅनिमिडही काही उबदार नाही, तिथे सरासरी उणे १६० च्या आसपास. एवढ्याशा फरकाने इतकं सगळं बदलतं का? की टायटन घडतानाच त्याच्या बर्फात अमोनिया जास्त अडकला आणि पुढे त्यातून नायट्रोजन आला? गुरूजवळच्या प्रखर किरणोत्सर्गाचा यात हात किती?

भौतिकशास्त्र किंवा खगोलशास्त्र शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा. गरम आणि गार पाण्यात शाईचा थेंब टाकून रेणूंचा वेग दाखवायचा विचार आहे. याहून चांगला प्रयोग असेल तर तोही सुचवा. मुलं हमखास 'का?' विचारणार आणि मला त्यांना चुकीचं काही सांगायचं नाही.