ओट्याला क्वार्ट्झ की ग्रॅनाइट? आमच्या घरात दोन पार्ट्या पडल्यात

विश्रामबागकर
सांगलीत घराचं काम काढलंय. ओटा एल शेप, साधारण १४ रनिंग फूट. बायकोनं कुठला तरी सॅम्पल फ्लॅट बघितला तेव्हापासून पांढरा क्वार्ट्झच पाहिजे म्हणते, आई म्हणते काळ्या ग्रॅनाइटवर वीस वर्षं स्वयंपाक केला, काय बिघडलं? आम्हाला क्वार्ट्झचा रेट ग्रॅनाइटच्या दुपटीच्या वर सांगितलाय, तर एवढे पैसे घालून जास्तीचं काय मिळतं ते सांगा. "तुम्हाला आवडेल ते घ्या" असलं उत्तर नको, ते सासऱ्यांनी दिलंय.

हळदवाली
पांढरा आणि तो पण सांगलीत? आपल्या हळदीला २०१८ ला जीआय टॅग मिळालाय, ती रंग दाखवल्याशिवाय राहील होय! क्वार्ट्झ म्हणजे खाणीतनं निघालेला अखंड दगड नव्हे, दगडाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या डिंकात, कालवून दाबून केलेली स्लॅब असते ती. हळद धरतं ते रेझिन. माझ्या नणंदेकडं रस्स्याचा ओघळ रात्रभर राहिला, सकाळी सोडा झाला, लिंबू झालं, पिवळी झाक काय गेली नाही.

सदरबझार सातारा
रात्रभर ठेवला म्हणून पडला की ओ डाग, त्यात क्वार्ट्झचा काय दोष. लगेच पुसलं की काही होत नाही, आमचा चार वर्षं वापरात आहे. उलट ग्रॅनाइटला बारीक छिद्रं असतात, फिकट रंगाचा घेतला तर तेल आत मुरतं आणि गॅसच्या बाजूला काळपट चट्टा येतो. त्याला अधूनमधून सीलर (छिद्रं बुजवणारं द्रावण) मारायचा असतो, आपल्याकडं किती घरात मारतात सांगा? क्वार्ट्झला ती भानगडच नाही. आणि काळ्या ओट्यावर डाग पडत नाही असं नाही, दिसत नाही एवढंच.

हळदवाली
दिसत नाही म्हणजे नाहीच, गृहिणीच्या हिशोबानं 😄

तवा गरम
हळदीचं जाऊ द्या, उन्हात उडते ती (ओटा उन्हात कसा न्यायचा ते विचारू नका). खरी गोष्ट गरम भांड्याची. साधारण १५० डिग्रीच्या वर गेलं की रेझिन करपायला लागतं, भाकरीचा तवा त्याच्या कितीतरी वर तापतो, तळणीची कढई पण. गडबडीत बाई तवा उतरवते आणि सरळ ओट्यावर टेकवते, तिथं चट्टा पडला की तो पॉलिशनंही धड निघत नाही. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात लाव्हारस थंड होऊन झालेला, त्याला तुमच्या तव्याचं काय कौतुक!

सदरबझार सातारा
एक लाकडी पाट ठेवा की बाजूला, त्याला काय लाखभर रुपये पडतात का. आणि तापलेला तवा एकाच जागी परत परत टेकवला तर ग्रॅनाइटला पण चीर जाऊ शकते, विशेषतः सिंकजवळ, जिथं पट्टी बारीक राहते तिथं.

कराडचा फिटर
मी ओटं बसवतो म्हणून आमच्या बाजूचं सांगतो, ते कोण बोलत नाही. क्वार्ट्झ स्लॅबमध्ये सिलिका (वाळूत असती तीच) ९० टक्क्यांच्या आसपास असती, ग्रॅनाइटमध्ये साधारण त्याच्या निम्म्याच्या आत. कटर लावला की जी पांढरी धूळ उडती ती फुफ्फुसात बसती आणि परत निघत नाही, सिलिकोसिस म्हणत्यात त्याला, त्याच्यावर औषध नाही. ऑस्ट्रेलियात ह्याच कारणानं १ जुलै २०२४ पासनं असल्या स्लॅबवर बंदी घातली, विकायचं नाही, कापायचं नाही, बसवायचं नाही. इथं आमची पोरं तोंडाला रुमाल बांधून तुमच्या गॅलरीत कोरडं कापत्यात.

सदरबझार सातारा
दादा तुमचं म्हणणं मान्य, पण धूळ ग्रॅनाइटची पण उडते आणि त्यानं पण सिलिकोसिस होतो. मग पाणी सोडून कापा, मास्क वापरा. घरात बसलेला ओटा कुणाला आजारी पाडत नाही.

कराडचा फिटर
पाणी सोडलं की खालचा फ्लॅटवाला भांडायला येतो, आणि चांगल्या मास्कचं पैसं बिलात धरलं की मालक रेट पाडतो. दोन्ही अनुभव हायत. माल कारखान्यातनंच मापात कापून आणा, घरी निस्तं बसवायचं ठेवा, एवढं करा मग क्वार्ट्झ घ्या नायतर सोनं घ्या.

कृष्णाकाठचा म्हातारा
आमच्याकडे अजून कडाप्पा आहे. चिंच, लिंबू, ताक सांडून सांडून चमक गेली, कारण तो चुनखडीच, आंबट लागलं की खातं त्याला. मार्बलचंही तेच, म्हणून ओट्याला मार्बल कोणी गळ्यात मारत असेल तर पळा. ग्रॅनाइट घेणार असाल तर एक करा: पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन काळ्या स्लॅबवर घासा. फडकं काळं झालं तर रंग चढवलेला माल आहे.

विश्रामबागकर
दुकानातनं दोन्हीचे तुकडे आणले. हळद-तेल लावून रात्रभर ठेवलं. क्वार्ट्झवर फिकट पिवळं राहिलं, बायको म्हणते "एवढं चालतंय". ग्रॅनाइटवर काही नाही, पण थिनरचं फडकं काळं झालं! आई गप्प बसलीय. ग्रॅनाइटसाठी उद्या दुसऱ्या दुकानात, आणि कापायचं काम तिथंच पाण्यात करून देणार का ते आधी विचारणार.

हळदवाली
फडकं घरनं घेऊन जा.