मेन्यूकार्डासाठी ‘कलम’ फॉन्ट: शिरोरेषा तुटते, वेलांटी पळते

मिसळ-थालीपीठाच्या छोट्या हॉटेलचं ए४ मेन्यूकार्ड इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करतोय. हाताने लिहिल्यासारखं दिसावं म्हणून ‘कलम’ घेतला. ‘मिसळ’मधली वेलांटी ‘म’च्या उजवीकडे जाऊन बसते, अक्षरं थोडी मोकळी केली की शिरोरेषेत फटी पडतात. याच फॉन्टमध्ये काचेवर विनाइल स्टिकरही लावायचा आहे. पैसे घेऊन केलेल्या कामात हा फॉन्ट चालतो ना?

जुळणीकार:
वेलांटीचा दोष फॉन्टचा नाही. प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये ‘शो इंडिक ऑप्शन्स’ सुरू करा, मग मजकूर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर घ्या. वेलांटी आणि जोडाक्षरं दोन्ही जागेवर येतील.

ट्रॅकिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच ठेवा. देवनागरीत अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटणारच. मोकळेपणा हवा तर शब्दांमधलं अंतर वाढवा. पदार्थांची नावं १४ पॉइंट असतील तर ओळींना २१-२२ पॉइंट द्या, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या रफारावर आदळतो.

कलममध्ये लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी तीनच वजनं (जाडीचे प्रकार) आहेत. ठळक हवं तर बोल्डची फाइलच वापरा. स्ट्रोक (कडेने रेघ) देऊन जाड केलं की ‘ळ’ आणि ‘थ’च्या पोटातली जागा बुजते. अक्षरं मुळातच तिरकी आहेत, त्यांना आणखी तिरकं करू नका. गडद रंगावर पांढरी छपाई असेल तर लाइट टाळा, शाई पसरून बारीक रेषा गायब होतात.

परवाना ओपन फॉन्ट लायसन्स आहे. पैसे घेऊन केलेल्या कामात बिनधास्त वापरा, फक्त फॉन्टची फाइल एकटी विकता येत नाही.

विनाइलवाला:
स्टिकरला पाठवण्याआधी क्रिएट आउटलाइन्स (मजकुराचे आकार होतात), मग पाथफाइंडरमध्ये युनाइट (आकार जोडून एक होतात). हे राहिलं तर प्लॉटर (विनाइल कापणारं यंत्र) प्रत्येक अक्षर वेगळं कापतो, शिरोरेषेवर जिथे अक्षरं एकमेकांवर चढतात तिथे काप पडतात आणि सोलताना तुकडे निघतात. आउटलाइन केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा. १० फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षराची उंची किमान १ इंच, आणि स्टिकरला बोल्डच.

रेघ_आणि_काना:
वरचं सगळं बरोबर, पण सगळं कार्ड कलममध्ये नको. पदार्थांची नावं आणि ‘आजचा बेत’सारखी शीर्षकं त्यात शोभतात. खालचा बारीक तपशील आणि किमती ‘मुक्ता’सारख्या सरळ फॉन्टमध्ये घ्या, १० पॉइंटलाही स्वच्छ वाचता येतात. किमतींना स्पेसबारने सरकवू नका, उजवा टॅब लावा.

हॉटेलचं नाव मात्र मोठ्या पाटीवर कलममध्ये टाकू नका असं माझं ठाम मत आहे. नावात ‘र’ दोनदा आला तर त्या आकारात दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात आणि हाताचा भास तिथेच संपतो. नाव पेंटरकडून लिहून घ्या, ३०० डीपीआयला स्कॅन करा, इलस्ट्रेटरच्या इमेज ट्रेसने व्हेक्टर करा (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) आणि तेच कार्डावर वापरा.