तीन टिचक्यांत रिव्ह्यू म्हणे!

चादरवाला: काल इथंच ग्रुपवर कुणीतरी प्रबंध लिहिणाऱ्या पी.जी.वाल्यांना सल्ला दिलाय: 'पबमेडवर (वैद्यकीय पेपर शोधायची साइट) फिल्टर लावा: ह्युमन्स, शेवटची ५ वर्षं, फ्री फुल टेक्स्ट, तीन टिचक्या मारा, रिव्ह्यू एका रात्रीत.' डोकंच फिरलं. माझा विषय बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार; सोलापुरातल्या अक्कलकोट रोडचे यंत्रमाग कामगार. मीही हेच केलेलं. सिनॉप्सिसच्या (प्रबंधाच्या आराखड्याच्या) वेळी सर म्हणाले, "शिलिंगची ग्रेडिंग कुठाय?" ती म्हणजे या आजाराच्या पायऱ्या, १९५०च्या दशकातल्या पेपरांतली, पाच वर्षांच्या चाळणीत राहील कशी? सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळते, हे त्या जुन्या पेपरांतच आहे. आणि 'ह्युमन्स' म्हणजे माणसांवरचं सगळं नव्हे, मेशचा (पेपरांना लावायच्या ठरावीक विषयशब्दांचा) शिक्का बसलेलं तेवढंच.

रात्रपाळी: जुनी रड. २०२२पासून इंडेक्सिंग, म्हणजे हे शिक्के मारणं, मशीन करतं, शिक्का लगेच बसतो. लिमिट न लावता हजारभर ॲब्स्ट्रॅक्ट कोण वाचणार, तू? कॅज्युअल्टी करून बघ बे आधी.

चादरवाला: पबमेडातल्या मेडलाइन या निवडक यादीतल्या जर्नलांना बसतो, मालक. आपली कितीतरी जर्नलं पीएमसीच्या (फुकट पूर्ण पेपरांच्या संग्रहाच्या) दारानं पबमेडात येतात, त्यांना शिक्काच नाही. कामगार आपले, पेपर आपले, आणि पहिले गळणार तेच. उंदीर नको असतील तर 'नॉट' लावून फक्त प्राण्यांवरचे काढ, बिनशिक्क्याचे राहतात.

अर्धीभाकरी: 'फ्री फुल टेक्स्ट'ची खूण आम्ही हौसेनं लावत नाही. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारनं वर्गणी भरून जर्नलं वाचायला द्यायची योजना, १ जानेवारी २०२५ला सुरू झालं, ते सरकारी कॉलेजांना. आम्ही खासगीवाले लाखांनी फी भरून उपाशी!

रात्रपाळी: सरकारीत तरी काय दिवे? लॉगिन कुणाकडं मागायचं हे कळायलाच आम्हाला चार महिने लागले.

अर्धीभाकरी: मिळालं ना शेवटी? मग रडू नका. मी लेखकाला मेल टाकून पीडीएफ मागवते, प्रत्येक वेळी, भिकाऱ्यासारखी.

चादरवाला: पेपर आहे हे दिसलं म्हणून मेल टाकलास. फ्रीची खूण असती तर नावही दिसलं नसतं.

अर्धीभाकरी: वकील व्हायचं होतंस. बरं, बरोबर आहे. माझी फी परत देतोस का?

पुस्तकवाली मावशी: फीचं राहू द्या. खूण एकदा लावली की पुढच्या शोधालाही चिकटून राहते, हे कुणी सांगत नाही. परवा लायब्ररीत एक पोरगी रडवेली होऊन आली, 'विणकरांवर काहीच नाही.' आधीच्या शोधाचं 'न्यूबॉर्न' तसंच लागलेलं!

रात्रपाळी: मावशी, आत्ता बघितलं. माझंही सकाळपासून 'चाइल्ड' चालू आहे. विषय गुडघेदुखी. हसू नका.