कबरेकडे जाताना येशूही रडला होता

देवावरचा विश्वास पक्का असेल तर जवळचे कुणी गेल्यावरही माणसाने रडू नये, असे एका ताईंनी लिहिले आहे. त्या मताशी मी आदरपूर्वक असहमत आहे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात येशूचा मित्र लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात, आपण त्याला मेलेल्यांतून उठवणार हे येशूला ठाऊक असते, आणि तरीही लाजराची बहीण मरीया हिला रडताना पाहून तो स्वतः रडतो. पुढे काय घडणार हे जाणणाऱ्यालाही अश्रू आवरले नाहीत, तर आपण ते का आवरावेत?

दोन वर्षांपूर्वी मिरजेत माझी आई वारली, तेव्हा भेटायला येणारे बहुतेक जण 'देवाची इच्छा' एवढेच म्हणून उठत, आणि खरे सांगायचे तर त्या दोन शब्दांचा मला रागच येई. आधार मिळाला तो आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायांकडून, ज्या रोज संध्याकाळी येऊन पेटीच्या साथीने नारायण वामन टिळकांची भजने म्हणत. आणि शेजारच्या वहिनींकडून (त्या ख्रिस्ती नाहीत), ज्या पिठले-भाकरी ठेवून काही न बोलता परत जात. एका संध्याकाळी पाळकसाहेबांनी सांत्वनाचे नेहमीचे उतारे बाजूला ठेवून बायबलमधले 88वे स्तोत्र वाचले. ते शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्यात कुठेही दिलासा नाही. पण इतके निराश बोलणेसुद्धा देवापुढे प्रार्थना म्हणून मांडता येते, हे मला त्या दिवशी प्रथमच उमगले. 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे 23वे स्तोत्र मात्र मला त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी म्हणता आले.