धागा: टाईल्स तशाच, रंग तेवढा बदलायचाय. बाथरूमच्या रंगाचे तुमचे अनुभव लिहा

माळ्यावरची
काल माळा आवरताना १९९७ च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार टाईल्स सापडल्या. आमच्या राजारामपुरीतल्या बाथरूमच्या, आठ बाय बाराच्या. 'फुटली तर लागेल' म्हणून आप्पांनी ठेवलेल्या. एकही फुटली नाही! रंग अगदी कोल्हापुरी चपलेचा, वर्षभर वापरून मऊ पडलेल्या. आणायला त्यांच्याबरोबर मीच गेले होते, एम-एटीवर मागे बसून, मांडीवर सँपल. मला निळ्या हव्या होत्या. आप्पा म्हणाले, "निळ्यावर क्षाराचे डाग दिसतात, हिच्यावर कायबी दिसत न्हाई." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

आप्पांचं बरोबर होतं, डाग दिसत नाहीत. पण टाईल संपते तिथून वर तीन फूट भिंत आहे, आणि तिला कुठला रंग द्यायचा हे आजवर कुणाला जमलेलं नाही. आधी पिस्ता होता, मग गुलाबी, गेल्या दिवाळीला पांढराशुभ्र. प्रत्येक वेळी टाईलच वाईट दिसते. टाईल्स काढायच्या नाहीत. खर्च आहेच, पण ते एकच कारण नाही. तुम्ही काय केलंत?

तवंग
पांढराशुभ्र हीच चूक. आम्हीही केली. त्या पांढऱ्यात निळसर झाक असते, त्याच्या शेजारी टाईल म्हणजे तंबाखू खाणाऱ्याचे दात. सासूबाई आठ दिवस ॲसिड टाकून घासत होत्या, त्यांना वाटलं मळ आहे. शेवटी सायीसारखा ऑफव्हाईट मारला तेव्हा घासणं थांबलं.

पेठेतला
गुलाबी आमच्यात बी हाय. पेंटर म्हटला बेबी पिंक, वाळल्यावर निघाला गुलाल. आंघोळ करून बाहेर आलं की जोतिबाला जाऊन आल्यागत वाटतंय. नाद खुळा.

साडेदहाची_लोकल
वाचतेय. कुकर झालाय, नंतर लिहिते.

दुसरा_हात
वीस वर्षं हेच काम करतोय म्हणून चार शब्द. ताई, त्या चार टाईल्सपैकी एक पिशवीत घाला आणि दुकानात न्या. शेडकार्डावर बोट ठेवून रंग ठरवू नका. टाईल पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, तिच्यात पिवळं दिसतंय का तांबूस का हिरवट. तपकिरी म्हणून सगळ्या सारख्या नसतात. पिवळी झाक असेल तर क्रीम, साय, नाहीतर राखाडी मिसळलेला फिका हिरवा, वाळलेल्या कढीपत्त्यासारखा. तांबूस असेल तर हिरवा जपून, टाईल आणखी लाल दिसते. तुमचा पिस्ता त्यामुळंच फसला असणार. आणि टाईलच्याच रंगाचा रंग शोधत बसू नका. जवळपास जातो पण जुळत नाही, मग ठिगळ दिसतं.

एका पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पुरता वाळू द्या, मग टाईलला टेकवून सकाळी एकदा बघा, रात्री दिवा लावून एकदा बघा. ओला रंग बघून होकार देऊ नका, वाळला की बदलतो.

कुंभारगल्ली
रंग कुठला ते ठरवा, पण आधी भिंत बघा. आमचं शाहूपुरीत तळमजल्यावर. २०१९ ला पुराचं पाणी आलं, २०२१ ला परत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्यातली बारकी पोरं पण सांगतात. पाणी उतरल्यावर सगळं घर धुवून काढलो. टाईल्स फडक्यानं पुसल्या की जशाच्या तशा, आणि वरची पुट्टी हाताला पापडासारखी. आम्ही घाईनं पंधरा दिवसांत रंग मारून घेतला, गणपती होते ना. दसऱ्याला पोपडे खाली. भिंत आतून वाळलीच नव्हती. दुसऱ्या वेळी उन्हाळ्यापर्यंत तशीच उघडी ठेवलो, पाहुणे नावं ठेवेनात का. ती अजून टिकून आहे. रंग काय म्हणाल तर फिका राखाडी, आवडला म्हणून नव्हे, उरला होता म्हणून.

तवंग
@कुंभारगल्ली 'धुवून काढलो' म्हणजे दादा की ताई?

कुंभारगल्ली
ताई :) कोल्हापूरच्या बायका आम्ही. आलो, गेलो, जेवलो, सगळं असंच.

पेठेतला
जेवलासा का मग?

बंगळुरात_रस्सा
भाड्याचं घर, मालक खिळा पण मारू देत नाही, रंग लांबच. मी फक्त बल्ब बदलला. आधी ६५०० केल्विनवाला पांढरा होता, त्यात तपकिरी टाईल मेल्यासारखी दिसायची, माझं तोंडसुद्धा. ३०००वाला पिवळसर लावल्यावर तीच टाईल गुळाच्या ढेपेसारखी दिसते. दीडशे रुपयात काम झालं. दाढी मात्र नीट दिसत नाही, आरशावर वेगळा दिवा लावावा लागला.

दुसरा_हात
हे बरोबर. आधी दिवा ठरवा, मग रंग.

साडेदहाची_लोकल
आले. आमच्याकडे निळा आहे, गडद, मोरपंखीकडे झुकणारा. सगळ्यांनी वेड्यात काढलं, एवढ्याशा खोलीत गडद! पण वर फक्त तीन फूटच भिंत, छत सायीचं ठेवलं, आणि टाईल एकदम मुद्दाम निवडल्यासारखी दिसायला लागली. निळ्यापुढे तपकिरी उठून दिसतो, काठापदराच्या साडीत असतो ना तसा. डिस्टेंपर मात्र मारू नका, वाफेनं पीठ होऊन अंगावर येतो. धुता येणारा सॅटिन घ्या. ओल फार असेल तर बुरशी न धरणारा मिळतो. आणि आंघोळीनंतर एक्झॉस्ट चालू ठेवा, तो रंगापेक्षा महत्त्वाचा.
आमच्या पेंटरनं चार लिटर आणायला लावला होता, अर्धा अजून गॅलरीत पडून आहे. कुणाला हवाय?

दुसरा_हात
पाच बाय सातची बाथरूम धरा. वरची तीन फूट भिंत ७२ चौरस फूट, छत ३५. दोन हातांना दोन लिटर पुरतो. चार सांगणाऱ्याच्या घरी पण भिंत असते, काय करणार.

चुलीपाशी
आमच्या बाथरूमला एकच रंग होता, बंबाच्या धुराचा. तांब्याचा बंब, खाली शेंगांची टरफलं आणि नारळाच्या शेंड्या. दर दिवाळीला चुना, शिमग्यापर्यंत परत काळा. कशाचं मॅचिंग.

तवंग
अगंबाई, बंब! त्या पाण्याला धुराचा वास यायचा आणि केसांना दिवसभर राहायचा. चिंच लावून घासायचं काम माझ्याकडे होतं.

पेठेतला
आमचा बंब अजून चालू हाय. गीझर म्हाताऱ्याला पटत न्हाई.

माळ्यावरची
सगळ्यांचे आभार. टाईल घेऊन लक्ष्मीपुरीत जाऊन आले. कागदावर ठेवल्यावर चक्क तांबूस निघाली, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं असतं ना, तस्सा. इतक्या वर्षांत मला ती पिवळीच वाटत होती. दुकानातला पोरगा म्हणाला, मॅडम ही टाईल आता कुठं मिळायची न्हाई. म्हटलं ठाऊक आहे, म्हणून तर पदराखाली धरून आणलीय.
दोन पुठ्ठे रंगवून ठेवलेत, एक सायीचा, एक निळा. निळ्याकडे बघितलं की हसू येतंय. @साडेदहाची_लोकल, तुमचा उरलेला डबा उघडलेला आहे का? वर साय धरली असेल तर गाळून चालेल?

साडेदहाची_लोकल
उघडलेला आहे. हलवून बघते. वास बिघडला असेल तर नाही देणार.

चुलीपाशी
@पेठेतला भावा, बंब कधी काढायचा झाला तर मोडीत घालू नका. आधी मला विचारा.