उन्हाळ्यासाठी नवं इंडी आणि गॅरेज रॉक कुठे शोधू? भाचीसाठी मदत हवी आहे

नौपाडा_लोकल

नमस्कार मंडळी. माझी भाची सांगलीहून मे महिन्याच्या सुट्टीला आली आहे. पंधरा वर्षांची आहे, यंदा दहावीला बसेल. तिच्या मामाचं गाव म्हणजे ठाणे. इथे आमराई नाही आणि विहीरही नाही. संध्याकाळची तलावपाळी आहे आणि माझ्याकडची गाणी आहेत: इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचं संगीत, आणि गॅरेज रॉक, म्हणजे पोरांनी गॅरेजात जमून वाजवावं तसं कच्चं रॉक. दोन वर्षांपासून ती गिटार शिकते, म्हणून वाशीच्या एका सुट्टीतल्या बॅचला तिचं नाव घातलं. माझं ऑफिसही वाशीलाच आहे. रोज सकाळी आम्ही दोघं ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स हार्बरची गाडी धरतो. अर्ध्या तासाचा प्रवास, वायरचा एकच इअरफोन, एक बोंडूक तिच्या कानात आणि एक माझ्या.

पहिला आठवडा मी मला येतं ते सगळं ऐकवलं. द स्ट्रोक्सचा २००१ चा पहिला अल्बम, द व्हाइट स्ट्राइप्स, स्वीडनचे द हाइव्ह्ज. व्हाइट स्ट्राइप्समध्ये बेस वाजवणारं कुणीच नाही, एक गिटार आणि एक ड्रम्स एवढ्यावर भागतं, हे तिला फार आवडलं. २००३ सालच्या त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या धूनेत जो बेस वाटतो, तो पेडलने एक सप्तक खाली उतरवलेला गिटारचाच आवाज आहे हे सांगितल्यावर तिने ऐरोली ते रबाळे ती धून तीनदा ऐकली. पाचव्या दिवशी मात्र म्हणाली, "मामा, हे सगळे आता तुझ्यापेक्षा मोठे असतील ना? माझ्या वयाचं कोण वाजवतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. ते मनाला लागलं, म्हणूनच हा धागा काढतोय. कॉलेजात माझा एक मित्र होता, तो दर महिन्याला सीडी कोरून द्यायचा आणि वर मार्करने बँडची नावं लिहायचा. तो परदेशी गेला आणि माझं नवं ऐकणं तिथेच थांबलं. आता ॲपवर एखादा बँड लावला की ते फिरून फिरून तीच पंधरा-वीस गाणी पुढ्यात आणतं. एकदा आवडलेलं पुन्हा वाढायचं एवढंच त्याला कळतं.

गॅरेज रॉकच का, तर मला हे संगीत उन्हाळ्याचंच वाटतं. सकाळी आठलाच शर्ट पाठीला चिकटलेला असतो, गाडी लागायची असते, आणि दोन मिनिटांचं गाणं प्रस्तावना न करता अंगावर येतं. फाटका आवाज, मागे ढोल बडवल्यासारखे ड्रम्स. डोकं हलकं होतं. द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये ब्लेड घेऊन अँपच्या, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेटीच्या, स्पीकरचा कागदी पडदा चिरला आणि तो फाटका आवाज मिळवला, ही गोष्ट मी तिला सांगितली. घरी आल्यावर तिने आपल्या छोट्या अँपच्या जाळीवर कान टेकवला, बोटाने हलकेच दाबून पाहिलं आणि विचारलं, "आत कागदच असतो?" त्या क्षणापासून मला हिच्यासाठी नीट काहीतरी शोधायचंय.

तर मला हवं आहे ते असं: गेल्या काही वर्षांतले बँड, त्यात मुली वाजवणाऱ्या असतील तर फारच छान. छोटी गाणी. त्यातली दोन-चार तिला स्वतःला वाजवता येतील अशी. आणि तुम्ही स्वतः नवं कसं शोधता तेही सांगा, म्हणजे ती सांगलीला गेल्यावर तिचं अडणार नाही.

एक तांत्रिक शंकाही आहे. साठच्या दशकातली काही गाणी लावली तर तिला नुसता गायक ऐकू येतो आणि मला नुसते ड्रम्स आणि गिटार. इअरफोन खराब आहे का?

घणसोलीकर

इअरफोन ठणठणीत आहे दादा. स्टीरिओ नवं होतं तेव्हा बऱ्याच मिक्समध्ये गायन एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला ठेवलेली असायची. दोघांत एक इअरफोन वाटून घेतला की गाण्याची फाळणी होते. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा, तिथे मोनो ऑडिओ नावाचं बटण आहे, ते चालू करा. दोन्ही कानांत सगळं येईल. त्या काळातल्या अल्बमची मोनो आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. तेव्हा रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर बहुतेक मोनोच असत, त्यामुळे बँडही मोनो डोळ्यांपुढे ठेवूनच आवाज बसवत. गॅरेज रॉकला तो एकवटलेला धक्काच शोभतो.

तीन_कॉर्ड

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे: द लिंडा लिंडाज. लॉस एंजेलिसच्या चार मुली. २०२१ च्या मे महिन्यात तिथल्या सार्वजनिक वाचनालयात त्यांनी वाजवलेल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ जगभर फिरला. तेव्हा ड्रमर दहा वर्षांची होती आणि सगळ्यांत मोठी सोळा. मागे पुस्तकांची कपाटं आणि पुढे या चौघी जीव तोडून वाजवतायत. वर्गात आपल्याबद्दल काहीतरी वाईट बोलणाऱ्या एका मुलाला उत्तर म्हणून त्यांनी ते गाणं रचलं होतं. आधी तो व्हिडिओ दाखवा, मग २०२२ चा पहिला अल्बम आणि २०२४ चा दुसरा. पंधरा वर्षांच्या मुलीने हे बघितलं की पुढचं तिचं तीच शोधते. माझ्या मुलीच्या बाबतीत हेच झालं.

त्यानंतर माद्रिदच्या हाइंड्स. दोघी एकाच वेळी गातात, सूर एकमेकींच्या अंगावर सांडतात आणि ते तसंच ठेवलेलं असतं. मग सिएटलच्या ला लूझ. यांच्या गिटारला समुद्रकाठच्या सर्फ संगीताचा ओलावा आहे, वर तीन-चार आवाजांची साथ. पाम बीच रोडवर संध्याकाळी खाडीवरून वारा सुटतो तेव्हा मी हेच लावते. ऑकलंडचे द बेथ्स थोडे गोड आहेत, पण गाणी इतकी घट्ट बांधलेली की पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटतात. मेलबर्नच्या अ‍ॅमिल अँड द स्निफर्स मला जिवापाड आवडतात, मात्र शब्दांत शिव्या आहेत. आधी तुम्ही ऐका आणि मग ठरवा.

वाजवण्यासाठी द किंग्समेनचं १९६३ चं 'लुई लुई' घ्या. ए, डी, ई मायनर, परत डी. एवढंच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिला यातला एकेक कॉर्ड नक्की येत असेल, कस लागतो तो बदलताना ताल न सोडण्याचा. आणि तिला एक गोष्ट ऐकायला सांगा: मधल्या गिटारच्या तुकड्यानंतर गायक एक पाऊल लवकर सुरू होतो, चूक कळते, थांबतो, ड्रमर मधली जागा भरून काढतो आणि मग तो पुन्हा गायला लागतो. ती चूक रेकॉर्डवर तशीच राहिली आणि हे गाणं अमेरिकेतल्या असंख्य गॅरेजांतल्या पोरांनी शिकायला घेतलं. क्लासमध्ये चुकलं की हिरमुसणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून ऐकवते.

जुनी_कॅसेट

माझं वय साठच्या पुढे. धोबी तलावच्या रंगभवनला उघड्या आकाशाखाली रॉक ऐकलेल्या पिढीतला मी. तुम्हाला नवं हवंय हे समजलं, तरी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण शोधायचं कसं हे तिच्यात आहे.

साठच्या दशकातले हे बहुतेक बँड एखाद-दुसरी रेकॉर्ड काढून विरले. कुणी कॉलेजला गेलं, कुणाला लष्कराचं बोलावणं आलं. १९७२ मध्ये लेनी के नावाच्या तरुणाने त्यातली २७ गाणी वेचून 'नगेट्स' नावाचा दोन रेकॉर्डचा संच काढला. हाच पुढे पंक गायिका पॅटी स्मिथच्या बँडमध्ये गिटार वाजवू लागला. विस्मरणात गेलेलं ते सगळं पुढच्या पिढीतल्या पंकवाल्यांच्या हाती या संचामुळे लागलं. तेव्हा बँड शोधू नका, वेचणारा माणूस शोधा. एक चांगला वेचणारा सापडला की वर्षाची बेगमी होते. तुमचा सीडीवाला मित्र तेच करत होता.

आपल्याकडेही हे घडलंय. सिमला सिगरेटवाल्यांनी बीट ग्रुपची, म्हणजे तेव्हाच्या रॉक बँडची, अखिल भारतीय स्पर्धा भरवली होती, तिच्यातल्या बँडच्या १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, निघाल्या. द कन्फ्यूजन्स, द डायनोसॉर्स अशी नावं आहेत. हे आपले भारतीय कॉलेजकुमार, आणि गिटार तसाच फाटका. या दोन्ही एलपी पुढे परदेशातल्या संग्राहकांनी उचलून धरल्या. भाचीला हे जरूर ऐकवा. हे संगीत फक्त बाहेरून आलेलं ऐकायचं असतं असा तिचा समज होऊ देऊ नका. आजचं हवं तर चेन्नईचे स्क्रॅट खरे गॅरेजवाले आहेत. दिल्लीचे पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी वेगळ्या वाटेचे, पण मे महिन्यातल्या दुपारी पडदे ओढून ऐकायला त्यांच्यासारखं दुसरं नाही.

येऊर_पायथा

काकांचं 'वेचणारा माणूस शोधा' हे अगदी मनातलं. आज ते कुठे भेटतात ते सांगतो.

पहिलं ठिकाण रेडिओ. सिएटलचं केईएक्सपी आणि न्यू जर्सीचं डब्ल्यूएफएमयू, दोन्ही श्रोत्यांच्या देणग्यांवर मुख्यतः चालतात, दोन्ही इंटरनेटवर फुकट. गाणी निवेदक निवडतो आणि काय वाजलं त्याची यादी वेबसाइटवर पडते. उन्हाळ्यात सिएटल आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. म्हणजे तुम्ही सकाळी आठला गाडीत असता तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात. केईएक्सपीच्या स्टुडिओत बँड प्रत्यक्ष वाजवतात ते व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. शिकणाऱ्या मुलीला बोटं कुठे पडतात ते बघायला मिळतं.

दुसरं बँडकॅम्प, बँड आपले अल्बम थेट विकतात ती वेबसाइट. एखादा अल्बम आवडला की त्याच पानावर तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी चित्रं दिसतात. एकावर टिचकी मारा, त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. आपल्यासारखीच आवड असलेला एक अनोळखी माणूस सापडला की रात्र कशी सरते कळत नाही. तिसरं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी. या संगीतात लेबल म्हणजे दुकान आणि कट्टा दोन्ही. मेम्फिसचं गोनर, लॉस एंजेलिसचं इन द रेड, न्यूझीलंडचं १९८१ पासूनचं फ्लाइंग नन. एक बँड आवडला की त्याच्या लेबलचे बाकीचे ऐकायचे. माझा निम्मा संग्रह असाच जमला.

आणि भाचीला अमेरिका-इंग्लंडच्या बाहेर न्या. झांबियाच्या विच या बँडने सत्तरच्या दशकात फझ, म्हणजे फाटक्या आवाजाच्या, गिटारला आफ्रिकी ताल जोडला, २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा एक अल्बम काढला. मेलबर्नच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्डनी २०१७ या एका वर्षात पाच अल्बम काढले. त्यातल्या एकासाठी गिटारवर जादा पडदे बसवून घेतले, दोन सुरांच्या मधले सूर वाजवता यावेत म्हणून. श्रुती म्हणजे काय हे जिने घरात ऐकलंय तिला ते चटकन कळेल. पेरूतल्या लिमाचे लोस साइकोस तर १९६५ मधले, पंक हा शब्द संगीताला चिकटण्याच्या कितीतरी आधीचे. त्यांचं 'डेमोलिसिओन' एकदा लावाच.

नौपाडा_लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार. मोनोचं बटण सापडलं. आज पहिल्यांदाच आम्ही दोघांनी एकच गाणं ऐकलं.

वाचनालयाचा व्हिडिओ काल रात्री गॅलरीत बसून दाखवला. ती काही बोलली नाही. फोन हातात घेऊन पुन्हा पहिल्यापासून लावला आणि फक्त ड्रमरकडे बघत राहिली. मग 'लुई लुई' काढायला घेतलं. डीवरून ई मायनरला जाताना अनामिका दरवेळी मागे राहते. किंग्समेनची ती चूक तिला तिसऱ्या वेळी पकडता आली. आता ती घरातल्या सगळ्यांना थांबवून ती जागा ऐकवते. आजीलाही ऐकवली.

काका, सिमलाच्या एलपीतली दोन गाणी मिळाली. "हे आपले आहेत?" असं तिने दोनदा विचारलं. वहीच्या शेवटच्या पानावर आता बँड आणि पुढे गाव अशी यादी चालू आहे.

एक विचारतो. साइकोसचं गाणं तिला भयंकर आवडलंय, उद्यापासून तेच म्हणत फिरणार. स्पॅनिश कुणाला येतं का? काय ओरडतायत ते आधी कळलेलं बरं.

येऊर_पायथा

शिवी नाही, निर्धास्त राहा. ते म्हणतायत, आगगाडीचं स्टेशन पाडून टाकू या.

जुनी_कॅसेट

१८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून जिथे पोचली त्या स्टेशनात उभं राहून हे म्हणायचं, म्हणजे जरा हळू आवाजात म्हणायला सांगा. आणि अनामिकेचं असं: ई मायनरसाठी नुसती पहिली दोन बोटं वापरू द्या, अनामिका डीच्या जागेवर अधांतरी तयार ठेवायची. परतताना ती आधी पोचते.

नौपाडा_लोकल

हे आत्ताच करून बघितलं काका, जमतंय. ती ९ जूनला सांगलीला परतेल, तोवर रोजचे जाता-येता दोन अर्धे तास आहेत. उद्या सकाळी ८ ला केईएक्सपी लावतो आहोत. दिघ्याच्या आसपास नेट जातं, तेवढ्यापुरत्या हाइंड्स डाउनलोड करून ठेवल्यात.